डब्यांना खाट कशाला?

चाचा लाकडी पॅलेटला कान लावून ऐकायचे. डॉक्टर छातीला लावतात तसा, डोळे मिटून. गोदामात नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला घेरी आली. तो बिचारा पाणी आणायला धावायचा. चाचा एक बोट वर करून त्याला गप्प करायचे, आणखी जरा ऐकायचे आणि मग दाढीतला भुसा झटकत जाहीर करायचे, "आत वस्ती हाय. पोरंबाळं धरून."

वस्ती म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची. हातखंब्यावरून पालीकडे जाताना आमचा कारखाना लागायचा. आंब्याचा रस डब्यांत भरायचा नि आखातात पाठवायचा, हा धंदा. कुठला कंटेनर कधी निघाला, कुठे पोचला, त्याचे कागद बरोबर गेले का, हे बघणं माझ्याकडे, आणि माल ठेवायचं गोदाम चाचांकडे. डब्यांची खोकी लाकडी पॅलेटवर, म्हणजे फळ्या ठोकून केलेल्या बुटक्या खाटेवर, रचायची, खाली फोर्कलिफ्टचे दोन दांडे घालायचे आणि उचलून कंटेनरमध्ये नेऊन ठेवायचं, ही सगळ्या जगाची रीत. त्या रीतीविरुद्ध चाचा एकटे उभे होते, आणि तेही मोठ्या आवाजात.

"डब्यांना खाट कशाला?" हा त्यांचा सवाल. "माणूस चटईवर झोपतो. डबा काय नवाब लागून गेला?"

चटई म्हणजे शीट. प्लास्टिकची, वहीच्या पुठ्ठ्याहून जरा जाड, पॅलेटएवढी लांबरुंद. तिची एक कड बाहेर निघालेली असते. त्या कडेला चाचा जीभ म्हणायचे, म्हणून आम्ही सगळेच म्हणायचो. फोर्कलिफ्टला पुढे एक वेगळं यंत्र जोडलं की ते चिमट्याने जीभ धरतं आणि शीट ओढून घेतं. वरची सगळी थप्पी अलगद यंत्राच्या रुंद पात्यांवर येते, तव्यावरची भाकरी उलथन्यावर घ्यावी तशी. ठेवताना उलटं, थप्पी पुढे ढकलून द्यायची. लाकूड नाही, खिळा नाही, कीड नाही, आणि पॅलेटची जी उंची फुकट जाते तिथे खोक्यांचा आणखी एक थर बसतो. हे मी आता घडाघडा सांगते आहे, कारण चाचांनी मला ते इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

चाचा खाडीकाठच्या गावचे. उमर सगळी आखातात गेलेली, तिथल्या मोठमोठ्या गोदामांत फोर्कलिफ्ट चालवण्यात. ही चटई त्यांनी तिथेच पाहिली नि तिच्या प्रेमात पडले. "गो बाय, निकाह झाल्यावर माणूस दुसऱ्या कशाच्या प्रेमात पडू नये, पण झालं खरं," असं ते चाचींचं नाव काढून सांगायचे. चाची म्हणजे त्यांची बायको. ती गावात, हे तिकडे. दोन वर्षांनी एकदा सुट्टी मिळायची, ती संपत आली की चाची बॅग भरायला घ्यायच्या नि आठवडाभर कुणाशी बोलायच्या नाहीत. शेवटच्या खेपेला परत आले तेव्हा चाचांनी त्यांना शब्द दिला, आता नाय जाणार. आमच्या गोदामातली नोकरी त्यांनी त्या शब्दापायी धरली होती. रोज दुपारी स्कूटरवरून घरी जेवायला जायचे. कंटेनर दारात उभा असो, मालक उभा असो, चाचा जेवायला म्हणजे जायचेच. कुणी अडवलं तर म्हणायचे, "मेल्या, लई वर्षं एकटा जेवलोय मी. तुझ्या डब्यांसाठी आज पण जेवू?" अडवणारा वाट सोडायचा.

चटईचा नमुना म्हणून कंपनीने एक गठ्ठा मागवला आणि तो पोचला त्या दिवसापासून चाचांच्या काखेत एक शीट कायमची आली. छत्रीसारखी. तिच्यावर बसून चहा प्यायचे, तिच्यावर खडूने हिशेब करायचे, उन्हात डोक्यावर धरायचे. नमाजाची चटई मात्र वेगळी, ती कपाटात घडी घालून, तिला कुणी हात लावायचा नाही. बाकी सगळ्या कामांना शीट. आमच्या कॅन्टीनवालीचं लोखंडी कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईना तेव्हा चाचांनी त्याच्याखाली शीट सरकवली नि एका हाताने ओढत नेलं, दुसऱ्या हातात चहाचा कप. फाटक्या शिटा ते गावभर वाटायचे. कुणी त्यांच्यावर आमसुलं वाळत घातली, कुणी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकल्या. पालीच्या बाजारात एका भाजीवालीच्या पालावर मी आमच्या कंपनीची शीट ओळखली होती. विचारलं तर म्हणाली, "चाचांनी दिलीन."

त्यांच्या चुलतभावाच्या होडीची गोष्ट तर मी अजून कुणाला सांगायला लागले की आधी स्वतःच हसते. पावसात होड्या किनाऱ्यावर चढवून नारळाच्या झापांखाली झाकून ठेवतात आणि नारळी पौर्णिमा झाली की ओंडक्यांवरून ढकलत पाण्यात उतरवतात. अर्धा गाव लागतो त्याला. चाचा म्हणाले, अर्धा गाव कशाला, चार माणसं पुरेत. उतारावर शिटा अंथरल्या, वर बादलीभर पाणी ओतलं, होडीला हात लावला आणि "बिस्मिल्ला" म्हणून ढकलली. ती थांबेचना! मंडळी मागे धावतायत, होडी पुढे. सुळ्ळकन पाण्यात शिरली ती भरतीबरोबर थेट खाडीच्या मध्यापर्यंत गेली, एकटी. चुलतभाऊ अंगातल्या नव्या शर्टासकट पोहत तिच्यामागे. चाचा काठावर उभे राहून मोठ्या अभिमानाने म्हणत होते, "बघितलंव? ओंडक्यावर गेली असती अशी?" चुलतभाऊ पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलला नाही. पण पुढच्या वर्षी होडी उतरवायच्या आधी शिटा मागायला तोच आला.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं आणि एके दिवशी मुंबईच्या ऑफिसातून निरोप आला. आखातातल्या गिऱ्हाइकाला आमच्या पॅलेटमध्ये कीड सापडली होती, तेही पुन्हा एकदा. ऑफिसने ठरवलं होतं की इथलं गोदामच बंद करायचं. माल कारखान्यातून थेट पनवेलच्या बाजूला न्यायचा, बंदराजवळ, तिथे दुसऱ्या कुणाकडून बिनकिडीच्या पॅलेटवर चढवून घ्यायचा. चाचांना तिकडे जागा मिळणार होती. राहायला खोलीसुद्धा.

निरोप मीच वाचून दाखवला. मला वाटलं होतं चाचा ओरडतील, लाकडाच्या नावाने बोटं मोडतील. ते नुसते म्हणाले, "पनवेल म्हणजे परत बॅग भरणं आलं," आणि काखेतली शीट भिंतीला टेकवून ठेवली. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं आणि दिलेला शब्द मोडवत नव्हता. मी म्हटलं, "चाचा, तोंड काय पाडता? इतकी वर्षं चटई चटई करताय, दाखवा की एकदा काय ते."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चटईचा शोध लावला. मग माझ्याच फोनवरून त्यांनी साहेबांना गाठलं. साहेब मुंबईत बसायचे, वयाने चाचांच्या मुलासारखे, पण माणूस ऐकून घेणारा. चाचांनी एवढंच मागितलं, की एक कंटेनर चटईवर जाऊ दे. पलीकडच्या गोदामात चिमट्याचं यंत्र आहे, ते मला ठाऊक आहे. माल धड पोचला तर गोदाम राहू द्या. नाय पोचला तर मी स्वतः जाऊन पनवेलच्या खोलीचं कुलूप उघडतो. साहेब म्हणाले, यंत्र पाठवतो भाड्याने, नव्या शिटाही पाठवतो, आणि भरताना बघायला मीच येतो.

मग सुरू झाली शाळा. आमच्याकडे खोकी रचायचं काम बायकांचं, आणि त्या बायकांच्या म्होरक्या होत्या वंदनाताई. त्यांच्या बौद्धवाडीत जयंतीचं जेवण असलं की शेकडो माणसांची पंगत त्या एकट्या हुकूम सोडून उठवायच्या. हातात वाढायचं भांडं नाही, नुसतं बोट. चाचांनी नेमकं तेच धरलं. शीट जमिनीवर अंथरून म्हणाले, "हे बघा, हे केळीचं पान समजा. ही जीभ म्हणजे पानाचं टोक. टोकाकडे लक्ष ठेवायचं. टोक चुकलं की पंगत चुकली. कळलं?"

"हे काय सांगायला पायजे?" वंदनाताई म्हणाल्या. "पान मांडण्यात आमचा जन्म गेला."

चाचा खूश. मी खूश. सगळ्यांना वाटलं, इतकं सोपं उदाहरण दुसरं नसेल.

रचायचा दिवस आला आणि नेमकं त्याच दिवशी चाचांच्या भाचीचं लग्न गुहागरला. चाचा जाऊ की नको करत होते. वंदनाताईंनी त्यांना हाकलून काढलं, "जावा हो, बिर्याणी खावा. तुमच्याशिवाय पान मांडायचं अडतं काय?" आणि खरंच, संध्याकाळी मी गोदामात डोकावले तर डोळे निवले. भिंतीला धरून थप्प्यांची रांग, खांद्याला खांदा लावून, एक खोकं तिरपं नाही. कुंकवाची बोटं लावलेली, पहिल्या थप्पीवर नारळ. मी फोटो काढून साहेबांना पाठवला. शाब्बास, असं त्यांचं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब हजर, कंटेनर दाराला लागलेला. दुपारपर्यंत निघाला नाही तर बंदरावर वेळेत पोचणार नव्हता आणि जहाज चुकणार होतं. चाचा इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून फोर्कलिफ्टवर चढले. पहिल्या थप्पीसमोर आले. थांबले. दुसऱ्या थप्पीसमोर गेले, थांबले. मग खाली उतरून जमिनीवर पालथे झोपले आणि त्या इस्त्रीच्या शर्टासकट रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खालून बघत सरकत गेले.

"वंदना," झोपल्या झोपल्याच त्यांनी विचारलं, "जिभा कुठं गेल्या गो?"

"डावीकडे," वंदनाताई म्हणाल्या.

"डावीकडे?"

"मग? पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला असतं. तुमच्यात उजवीकडे मांडतात काय?"

दारातून आत बघणारा माणूस जेवायला बसलाय असं धरून बायकांनी प्रत्येक टोक त्याच्या डावीकडे ठेवलं होतं. एकही चुकलं नव्हतं. पहिल्या थप्पीची जीभ डावीकडच्या भिंतीला भिडलेली, दुसरीची पहिलीच्या बरगडीत, तिसरीची दुसरीच्या. फोर्कलिफ्ट येणार समोरून, आणि समोर धरायला काहीच नाही. खाली पॅलेट नसल्यामुळे दांडे घालायलाही फट नाही. इतका व्यवस्थित रचलेला आणि इतका न हलणारा माल मी जन्मात पाहिला नव्हता.

चाचा उठून बसले. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, संपलं, म्हातारा आता पनवेलला चालला. साहेबसुद्धा घड्याळ बघून नजर चुकवत होते. आणि मग चाचांच्या खांद्यांना हिसका बसला. मी घाबरून पुढे झाले, तर हा माणूस हसत होता! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "मी जेवणारा शिकवला गो, वाढपी शिकवलाच नाय!"

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, ह्या पंगतीत जेवणारा कोण नाय. वाढपी हाय, ती ही गाडी. ती येणार दारातून. मंग टोक कुठं पायजे?"

"दाराकडे," वंदनाताई पुटपुटल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अगो बाई! हे काल सांगायला काय झालेलं तुम्हाला?"

"काल मी बिर्याणी खात होतो," चाचा म्हणाले.

पुढे जे झालं ते आठवलं की अजून बरं वाटतं. चाचांनी समोरच्या मोकळ्या जागेत नव्या शिटा अंथरल्या, प्रत्येकीची जीभ दाराकडे. म्हणाले, थप्प्या हलवायच्या नाहीत, एकेक खोकं उचलून इकडे रचायचं. वंदनाताईंनी पदर खोचला नि बोट उगारलं. बायका एका बाजूने, कॅन्टीनवाली, कंटेनरचा ड्रायव्हर, मी, सगळे हातोहात खोकी देत उभे. साहेब जरा वेळ बघत राहिले, मग त्यांनी बाह्या सारल्या नि रांगेत घुसले. त्यांचा वेग काही आमच्याइतका नव्हता. वंदनाताई ओरडल्या, "ओ साहेब, पंगत खोळंबली, भात पुढे सरकवा!" साहेबांना आधी कळेना, मग कळलं तेव्हा ते इतके हसले की हातातलं खोकं माझ्या पायावर येता येता राहिलं. चाचा वाकून वाकून जिभा तपासत फिरत होते आणि प्रत्येक थप्पीला म्हणत होते, "आ कर. शाब्बास." त्या दिवशी ते जेवायला घरी गेले नाहीत. कुणीच जेवलं नाही.

शेवटचं खोकं चढलं, चाचा पुन्हा गाडीवर बसले. चिमट्याने जीभ धरली, ओढली. थप्पी हलली, पुढे आली, पात्यांवर बसली. वरचं एक खोकंही डगमगलं नाही. बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या की ड्रायव्हर दचकला. एकेक करत सगळा माल आत गेला, कंटेनरला सील लागलं आणि तो हातखंब्याच्या दिशेने निघाला. चाचा रस्त्यापर्यंत त्याच्यामागे चालत गेले.

त्यानंतरचे दिवस त्यांनी माझा जीव खाल्ला. "कुठं पोचलं गो?" सकाळी आल्या आल्या हेच, दुपारी हेच, जाताना हेच. मी म्हणायची, "चाचा, जहाज आहे ते, पालीची एसटी नाही. समुद्रात आहे." ते म्हणायचे, "समुद्रात कुठं?" मी वैतागून एकदा म्हटलं, "पाण्यात." तर म्हणाले, "खवळलाय का गो?" घरी चाचींना त्यांनी पनवेलचं सांगितलं होतं की नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "सांगितलं नाय. पण माळ्यावरची बॅग तिने खाली काढून पुसून ठेवलीय. कोणी सांगितलं तिला, अल्लाला ठाऊक." ते ऐकल्यावर मी त्यांच्यावर वैतागायचं सोडून दिलं.

आणि एका सकाळी माझ्या फोनवर व्हिडिओ आला. पलीकडच्या गोदामातला. कंटेनरचं दार उघडलं, आत आमच्या थप्प्या, वंदनाताईंच्या हातच्या, जिभा बाहेर काढून उभ्या. एक गाडी आली, चिमट्याने जीभ धरली आणि थप्पी सुळकन बाहेर. एक, मग दुसरी, मग तिसरी. चाचांनी तो व्हिडिओ किती वेळा बघितला कोण जाणे. दर वेळी त्या अनोळखी ड्रायव्हरला म्हणायचे, "हळू रे बाबा, हळू. हां. अस्सं." पाठोपाठ साहेबांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. साहेब म्हणाले, "चाचा, गोदाम कुठेही जात नाही. तुम्हीही नाही."

चाचा बाहेर नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले. मीही तिकडे गेले नाही, कारण माझंही तोंड धुण्यासारखं झालं होतं.

दुपारी ते जेवायला गेले आणि परत आले तेव्हा स्कूटरवर मागे चाची होत्या. डोक्यावरून ओढणी नीट घेतलेली, पायांत ठेवणीतल्या चपला. नवरा जन्मभर गोदामांत राबला, पण गोदाम म्हणजे काय असतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या दारातच थबकल्या. चाचा त्यांना हे दाखव, ते दाखव करू लागले. ही गाडी, हा चिमटा, ही जीभ. चाची सगळं ऐकत होत्या. मग त्यांनी गुळगुळीत फरशीवर अंथरलेल्या एका शिटेकडे बोट केलं.

"ह्या चटईने तुम्हाला ठेवलंन?"

"हिनेच," चाचा म्हणाले.

चाचींनी चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि आम्हा सगळ्यांच्या देखत त्या शिटेवर मांडी घालून बसल्या. वंदनाताईंच्या हातातलं खोकं तसंच राहिलं.

"अगो, हे काय करतेस? लोक बघतायत!" चाचा कावरेबावरे झाले.

"बघू देत," चाची म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही जायचात नि मी दारात उभी र्‍हायची. आता मी जाते. ओढा."

आणि चाचा खाली वाकले, दोन्ही हातांनी शिटेची जीभ धरली आणि पाठमोरे चालत त्यांनी चाचींना गोदामाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढत नेलं. चाची तोंडावर ओढणी धरून लहान मुलीसारख्या हसत होत्या. पलीकडच्या भिंतीशी पोचल्यावर चाचांना धाप लागली, ते टेकले, तर चाची बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "थांबलात का? अजून."